बेल्टवरून ताजं काँक्रीट नेताना: बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीकडच्या नव्या साइटवाल्यांसाठी

शहापूर, वडगाव, अनगोळच्या जुन्या गल्ल्यांत आरएमसीची (प्लांटवर तयार होऊन येणाऱ्या काँक्रीटची) गाडी तोंडाशीच अडते. अथणी, रायबागकडच्या काळ्या रानात पाऊस पडून गेला की तीच गाडी आसापर्यंत रुतते. दोन्हीकडे गाडी आणि ओतायची जागा यांच्यात पाच-पंधरा मीटरचं अंतर उरतं. ते बुट्ट्यांनी काढायचं तर माणसांची लांब रांग लागते, आणि लहान कामाला पंप बोलावणं परवडत नाही. या मधल्या अंतरासाठी बेल्ट (कन्व्हेयर) चांगला. पण भाड्याने आणलेला बेल्ट उभा केला, बटण दाबलं आणि माल पुढे सरकला एवढ्यावर काम होत नाही. माल बेल्टवर चालत असताना क्वचितच बिघडतो. तो बिघडतो बेल्टवर चढताना आणि बेल्टवरून उतरताना. म्हणून खाली त्या दोन जागांवर जास्त लिहिलं आहे.

१. हे काम बेल्टचं आहे का?

फुटिंग, राफ्ट, प्लिंथ, तळमजल्यावरचा स्लॅब, कॅनॉलचं अस्तर, वाडीवस्तीचा काँक्रीट रस्ता ही बेल्टची कामं. माल एका पातळीवर किंवा थोडा चढवून न्यायचा आणि पसरट जागेत ओतायचा असेल तिथे बेल्टइतकं सोपं साधन नाही. शिवाय पंपाला लागतो तसा पातळ माल बेल्टला लागत नाही, त्यामुळे त्याच ताकदीच्या काँक्रीटला पाणी आणि सिमेंट दोन्ही कमी लागतं.

कॉलम, पातळ भिंती, दुसऱ्या मजल्याच्या वरचं काहीही असेल तर बेल्टच्या नादी लागू नका. उंची वाढली की बेल्टची लांबी फार वाढते, आणि कॉलमच्या अरुंद तोंडात बेल्टची धार नीट पडत नाही. तिथे लिफ्ट, बकेट किंवा पंप बरा.

सेल्फ कॉम्पॅक्टिंग (व्हायब्रेटरशिवाय आपोआप बसणारा) किंवा वाहता माल बेल्टवर घ्यायचाच नाही. तो चढावर मागे घसरतो आणि कडेने सांडतो.

२. उंची, कोन आणि लांबी

बेल्ट भाड्याने बघण्याआधी हा हिशेब कागदावर करा. चढाचा कोन मोटरच्या जोरावर ठरत नाही, मालाच्या स्लम्पवर ठरतो (स्लम्प म्हणजे साचा काढल्यावर माल किती मिमी खाली बसतो ते; जास्त स्लम्प म्हणजे पातळ माल). गुळगुळीत बेल्टवर ५० मिमी स्लम्पचा माल साधारण २४ अंशांपर्यंत चढतो, १०० मिमीचा २० अंशांपर्यंत, आणि १५० मिमीचा १२ अंशांच्या वर टिकत नाही. उताराला १० अंशांच्या पुढे जाऊ नका, माल आपल्याच वजनाने पुढे धावतो आणि खडी सुटते.

उदाहरण घ्या. स्लॅबची पातळी ३.२ मीटर. माल पडायचं टोक त्याच्यावर १ मीटर, म्हणजे ४.२. हॉपरखाली (बेल्टवर माल सोडणाऱ्या नरसाळ्याखाली) बेल्टची सुरुवात जमिनीपासून ०.९ मीटर. चढायची उंची ३.३ मीटर. २० अंशांत यासाठी सुमारे ९.७ मीटर बेल्ट लागतो. तोच माल पातळ करून १५० मिमी स्लम्पचा केला की कोन १२ अंशांवर आणावा लागतो आणि बेल्ट जवळपास १६ मीटर होतो. गल्लीत सहा मीटर जास्तीची जागा कुठून आणणार? मिक्सरवाल्याने ‘सरकायला सोपं’ म्हणून ओतलेल्या दोन बादल्या पाण्याचा परिणाम असा थेट लांबीवर होतो.

आता किती माल जातो ते बघा. ४०० मिमी रुंदीच्या खोलगट बेल्टवर मालाची पट्टी साधारण २० सेंमी रुंद आणि ५ सेंमी जाड धरली तर छेद ०.०१ चौरस मीटर होतो. बेल्टचा वेग सेकंदाला १ मीटर असेल तर तासाला ३६ घनमीटर, म्हणजे जवळपास पावणेतेरा ब्रास. एवढा माल पसरून, व्हायब्रेट करून घेणारी टोळी कुठल्याच लहान साइटवर नसते. दोन व्हायब्रेटर आणि सराईत गवंडी असले तरी तासाला ८ ते १० घनमीटर पुष्कळ झालं. १००० चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे १२ घनमीटरच्या आत-बाहेर माल, ६ घनमीटरच्या दोन गाड्या. गाड्यांची वेळ व्हायब्रेटरच्या वेगावर ठरवा, बेल्टच्या वेगावर नाही.

मोटरचंही असंच. ताशी ३६ घनमीटर माल ३.३ मीटर चढवायला नुसत्या वजनापुरती पाऊण किलोवॅटच्या थोडी वर ताकद लागते. रोलर, स्क्रेपर (बेल्टला चिकटलेला माल खरवडणारी पट्टी) आणि स्कर्ट (माल सांडू नये म्हणून कडेला लावलेलं रबर) यांचं घर्षण धरून १० मीटरच्या बेल्टला ३ एचपी चालते. पण भरलेला बेल्ट मध्येच थांबून पुन्हा सुरू करायची वेळ येणारच, म्हणून ५ एचपी घ्या.

३. भाड्याने घेण्याआधी बेल्ट स्वतः बघा

आपल्या भागात बेल्टची माणसं दुर्मिळ नाहीत. साखर कारखान्यांत बगॅस बेल्टवरूनच जातो, खडी क्रशरवर बेल्ट असतात, फाउंड्रीत वाळू बेल्टवर फिरते. जोड व्हल्कनाइज करणारे (रबर तापवून सांधणारे), पुलीला रबर चढवणारे, शाफ्ट टर्न करून देणारे उद्यमबागेत आणि कारखान्यांच्या आसपास मिळतात. अडचण एवढीच की बगॅस, खडी आणि वाळू काँक्रीटसारखी चिकटत नाही आणि दोन तासांत दगड होत नाही. त्यामुळे त्यांच्या सवयीने बनवलेला बेल्ट काँक्रीटला जसाच्या तसा चालत नाही.

हे बघून घ्या:

– पृष्ठभाग गुळगुळीत हवा. विटा, माती, पोती चढवायला उठावाच्या नक्षीचे बेल्ट मिळतात, ते काँक्रीटसाठी घेऊ नका. उठावांच्या कोनाड्यात मसाला (काँक्रीटमधला सिमेंट-वाळूचा ओला भाग) बसतो, तिथे स्क्रेपर पोचत नाही, आणि दुसऱ्या फेरीला तो सुकलेला मसाला ताज्या मालात पडतो.

– जोड व्हल्कनाइज केलेला, सपाट. लोखंडी क्लिपचा जोड दर फेरीला स्क्रेपरवर आदळतो, स्क्रेपरची धार खातो आणि फटीतून सिमेंटचं दूध गळतं.

– क्रशरवरचा जुना जाड बेल्ट स्वस्तात मिळतो. तो ताठ असतो, खोलगट रोलरवर बसत नाही, कडा वर राहतात आणि लहान पुलीभोवती वळताना चिरतो. दोन किंवा तीन प्लायचा (आतल्या कापडी थरांचा) लवचीक बेल्ट हवा. नवा घेत असाल तर बिलावर आयएस १८९१ (बेल्टचं भारतीय मानक) लिहिलेलं असावं.

– वरचे रोलर खोलगट, बाजूचे रोलर २० ते ३५ अंश उचललेले. दोन रोलरांत १ मीटरपेक्षा जास्त अंतर नको. अंतर वाढलं की माल प्रत्येक रोलरवरून उसळतो, आणि त्या उसळीत खडी वर, मसाला खाली बसतो. माल पडतो त्या जागी रोलर ३० सेंमीवर, रबर चढवलेले.

– चढावरच्या बेल्टला मागे फिरू न देणारा ब्रेक किंवा खटका हवाच. वर काढलेल्या हिशेबाने बेल्टवर मीटरला २४ किलो माल असतो. १० मीटरवर २४० किलो. वीज गेली आणि खटका नसला तर तो सगळा उलटा येऊन हॉपरपाशी उभ्या माणसावर पडतो.

– टेल पुली (माल चढतो त्या टोकाची) आणि हेड पुली (माल पडतो त्या टोकाची) दोन्हीला जाळीचं गार्ड, बेल्टच्या पूर्ण लांबीला ओढून थांबवायची दोरी. गार्ड नसलेला बेल्ट घेऊच नका, भाडं कितीही कमी असो.

४. आरएमसीवाल्याला काय सांगायचं

प्लांटला नुसती ‘एम २५ पाठवा’ अशी ऑर्डर गेली तर बहुधा पंपाचा माल येतो, कारण त्यांचं रोजचं गिऱ्हाईक पंपवालं असतं. ऑर्डरमध्ये लिहून द्या: बेल्टवरून ओतायचं आहे, साइटवर स्लम्प ७५ मिमी, कमी-जास्त २५, खडी २० मिमी. आयएस ४५६ मध्ये दाट सळई असलेल्या स्लॅब-बीमसाठी ५० ते १०० मिमी स्लम्प सांगितला आहे, म्हणजे बेल्टला जे सोसतं तेच स्लॅबलाही योग्य. गाडी भरल्यापासून दोन तासांत रिकामी व्हायला हवी, हे आयएस ४९२६ चं म्हणणं. चलनावर भरल्याची वेळ असते. गाडी आल्यावर आधी ती बघा.

साइटवर मिक्सर लावून माल करणार असाल तर एम सँडकडे (दगड फोडून केलेल्या वाळूकडे) लक्ष द्या. एम सँडमध्ये बारीक भुकटी जास्त असली की माल चिकट होतो, बेल्टला लेप बसतो आणि स्क्रेपर निकामी ठरतो. भुकटी कमी असली की माल रूक्ष होतो आणि खडी मसाल्यातून सुटते. आदल्या दिवशी एक घमेलं माल करून बेल्टच्या तुकड्यावर टाकून पाहा. बेल्ट उभा धरल्यावर जो थर चिकटून राहतो, तेवढा मसाला प्रत्येक फेरीला परत जाणार आहे असं समजा.

५. कागदपत्रं आणि सामान

कागद: आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या सहीचा ओतण्याचा नकाशा, मिक्स डिझाइन, गाड्यांची चलनं, बेल्टच्या भाड्याचा लेखी करार (नेआण, ऑपरेटर, तुटफूट आणि धुण्याचा खर्च कोणाचा ते त्यात लिहून घ्या), हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) तात्पुरतं कनेक्शन किंवा जनरेटरची व्यवस्था, रस्ता अडणार असेल तर महानगरपालिका किंवा ग्रामपंचायतीची आणि वाहतूक पोलिसांची परवानगी, कामगारांच्या नोंदणीची कार्डं. कचेरीतले अर्ज कन्नडमध्ये असतात. भरून देणारा माणूस दोन दिवस आधी गाठा, ओतायच्या सकाळी नको.

सामान: स्लम्पचा कोन आणि १६ मिमीची सळई, १५० मिमीचे क्यूब मोल्ड (ताकद तपासायच्या ठोकळ्यांचे साचे), ४० मिमीच्या सुईचे दोन व्हायब्रेटर आणि तिसरा राखीव, लेव्हल पट्टी, फावडी, बेल्टच्या टोकाला लावायचा पाइप, स्कर्टच्या रबराच्या जादा पट्ट्या, स्क्रेपरची जादा पट्टी, रोलर दोन, पाने, ताडपत्री, गोणपाट, जोरात पाणी मारायचा छोटा पंप, आणि बेल्ट बंद पडला तर लागणाऱ्या बुट्ट्या.

६. उभारणी

बेल्टचे पाय सेंट्रिंगवर टेकवू नका. चालत्या बेल्टचा थरकाप टेकूंत उतरतो आणि पाचर ढिली होते. वरचं टोक बाहेरच्या जमिनीवरून उभ्या केलेल्या वेगळ्या परांचीवर ठेवा. सळईच्या जाळीवरून बेल्ट न्यावाच लागला तर घोड्यांवर फळ्या टाकून त्यावरून. जाळी दबली की कव्हर (सळईखालचा काँक्रीटचा थर) जातं, आणि ओतल्यावर ते कोणाला दिसत नाही.

काळ्या मातीत प्रत्येक पायाखाली २ फूट बाय २ फूट फळी किंवा लोखंडी प्लेट घाला. खानापूरकडच्या तांबड्या जमिनीवर एवढी गरज पडत नाही, पण पावसाळ्यात तीही मऊ होते.

वरून जाणारी विजेची तार आधी बघा, मग बेल्ट उचला. तारेजवळ काम असेल तर हेस्कॉमच्या लाइनमनला बोलावून लाइन बंद करून घ्या. लाकडी काठीने तार बाजूला सारण्याचा प्रकार गल्लीबोळात सर्रास चालतो. तो जीव घेणारा आहे.

बेल्ट आधी रिकामा चालवा, निदान पंधरा मिनिटं. तो एका बाजूला सरकत असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. बेल्ट रोलरच्या ज्या टोकाला आधी टेकतो त्या बाजूला सरकतो. आणि टेल पुलीचा ज्या बाजूचा स्क्रू आवळाल, तिच्या विरुद्ध, म्हणजे ढिल्या बाजूला बेल्ट जातो. एका वेळी एकच स्क्रू, अर्धा फेरा, आणि बेल्टच्या दोन-तीन पूर्ण फेऱ्या होईपर्यंत थांबा. घाईने चार ठिकाणी पाने फिरवले की नेमकं कशाने सुधारलं तेच कळत नाही. रिकामा सरळ चालणारा बेल्ट माल पडल्यावर सरकला तर दोष बेल्टचा नसतो, माल मधोमध पडत नसतो.

७. माल चढवणं

गाडीची पन्हाळ सरळ बेल्टवर कधीही ठेवू नका. मध्ये हॉपर हवा, खाली सरकत्या झडपेचा. आरएमसीच्या गाडीसाठी अर्धा घनमीटर, एक पोत्याच्या मिक्सरसाठी दोन घाण (मिक्सरच्या दोन खेपा) मावतील एवढा, म्हणजे साधारण ०.३ घनमीटर.

मिक्सरच्या कामात नवखे लोक इथेच फसतात. एक पोत्याचा मिक्सर तासाला जेमतेम अडीच-तीन घनमीटर माल देतो आणि बेल्टची ताकद त्याच्या दसपट. मिक्सरमधून पडेल तसा माल बेल्टवर सोडला की पातळ थर पसरतो, दोन घाणांच्या मध्ये बेल्ट रिकामा फिरतो, थरातला मसाला उन्हात सुकतो आणि वर पोचते ती कोरडी खडी. यावर उपाय असा: दोन घाण हॉपरमध्ये साठवा, मग बेल्ट सुरू करा, झडप उघडून जाड, अखंड पट्टी सोडा, हॉपर रिकामा होण्याआधी झडप बंद करा, बेल्टवरचा सगळा माल उतरू द्या आणि मग बेल्ट थांबवा. बेल्टवर पट्टी असेल तर जाड असावी, नाहीतर बेल्ट थांबलेला असावा.

हॉपरमधून माल बेल्टच्या मधोमध, बेल्ट ज्या दिशेने चालतो त्याच दिशेने पडावा, आणि कमीत कमी उंचीवरून. दोन्ही बाजूंना ०.६ ते १ मीटर लांबीचा स्कर्टचा रबर हवा, बेल्टला टेकलेला पण दाबलेला नाही. जास्त दाबला की बेल्टला चरे पडतात, ढिला सोडला की कडेने दूध गळतं. स्कर्टखालची जमीन दर अर्ध्या तासाने बघा. करडी ओल दिसली की रबर खाली घ्या. आणि झडपेच्या तोंडावर अडकलेली खडी हाताने काढू नका, बेल्ट थांबवून सळईने काढा.

८. माल उतरवणं

बेल्टच्या टोकाला पुलीपाशी बाजूला उभं राहून पाहा. खडी वेगाने पुढे फेकली जाते, ओला मसाला बेल्टला धरून पुलीभोवती वळतो आणि जवळच, अगदी खाली पडतो. ढिगाच्या लांबच्या बाजूला नुसती खडी आणि जवळच्या बाजूला नुसतं दूध. तो ढीग फावड्याने ओढून पसरला तरी ते परत एकजीव होत नाही, आणि पंधरा दिवसांनी खालून सेंट्रिंग काढल्यावर त्या जागी हनीकोंब (मसाला नसलेली, खडी उघडी पडलेली पोकळ जागा) दिसतो. बेल्टने ओतलेल्या स्लॅबला लोक नावं ठेवतात ती बहुतेक या एका जागेमुळे.

बरेच जण टोकासमोर पत्रा लावतात. खडी पत्र्यावर आपटून खाली पडते म्हणून वाटतं की काम झालं. प्रत्यक्षात खडी आता पत्र्याच्या बाजूला आणि मसाला पुलीच्या बाजूला पडतो, वेगळेपण तसंच राहतं. खरा उपाय म्हणजे टोकाला बंद टोप आणि त्याखाली उभा पाइप, किमान ६०० मिमी लांबीचा. पाइपमध्ये खडी आणि मसाला पुन्हा एकत्र येतात आणि सरळ खाली पडतात. पाइप तिरपा नको. पाइप नसलेला बेल्ट भाड्याने मिळाला तर पत्र्याचा पाइप उद्यमबागेत एका दिवसात वळवून मिळतो. हा एक तुकडा नसेल तर बाकीची सगळी तयारी वाया जाते.

पाइपच्या तोंडापासून माल १.५ मीटरपेक्षा जास्त खाली पडू नये, ही आयएस ४५६ ची मर्यादा. स्लॅबवर १ मीटरच्या आत ठेवा. अडीच मीटर खोल फुटिंग असेल तर पाइपला खाली जोड लावून तळापासून १ मीटरपर्यंत न्या आणि भरत जाल तसे तुकडे काढा.

स्क्रेपर हेड पुलीच्या खालच्या अंगाला, रबराच्या किंवा युरेथेनच्या पट्टीचा, स्प्रिंगवर किंवा वजनावर टेकलेला. पट्टी बेल्टच्या पूर्ण रुंदीला टेकते का, हे परत जाणाऱ्या बेल्टची खालची बाजू बघून कळतं. तिथे बोटभर रुंदीची करडी रेघ सलग दिसली तर त्या जागी पट्टी झिजली आहे. ती रेघ म्हणजे तुमच्या मालातलं सिमेंट. थोड्या वेळाने परतीच्या रोलरांवर त्याचा थर चढतो, रोलर गोल राहत नाही आणि सरळ चालणारा बेल्ट दुपारी अचानक सरकायला लागतो. सकाळी बसवलेला बेल्ट का सरकला म्हणून लोक टेल पुलीचे स्क्रू फिरवत बसतात. आधी खालचे रोलर खरवडा.

एका बेल्टवरून दुसऱ्यावर माल द्यायचा असेल तर प्रत्येक जोडावर हेच सगळं लागू: टोप, पाइप, स्क्रेपर, छोटा हॉपर. म्हणून जोड जितके कमी तितकं बरं. दोन बेल्टांत काम भागत असेल तर तीन लावू नका. सुरू करताना शेवटचा बेल्ट आधी, थांबवताना पहिला बेल्ट आधी. उलट केलं की जोडावर ढीग साचतो.

९. ओतायच्या दिवसाचा क्रम

सकाळी बेल्ट ओल्या गोणपाटाने पुसून घ्या. पाणी उभं राहू नये, नुसता ओलसर हवा. कोरडा बेल्ट पहिल्या मालातला मसाला शोषल्यासारखा धरून ठेवतो, म्हणून पहिल्या घाणात खडी थोडी कमी टाका. गाडीचा माल असेल तर पहिली दोन घमेली टोकाला बाजूला काढा, स्लॅबमध्ये घालू नका.

गाडी आली की स्लम्प घ्या. बेल्ट चालू झाल्यावर पाइपखालून पुन्हा घ्या. दोन्हीत १५-२० मिमीपेक्षा जास्त फरक पडला तर मसाला कुठेतरी गळतोय किंवा सुकतोय. पाणी घालून तो फरक भरून काढू नका, गळती शोधा. क्यूबही बेल्टच्या शेवटच्या टोकाला भरा, गाडीपाशी नाही, कारण स्लॅबमध्ये जाणारा माल तो आहे. ५ घनमीटरपर्यंत एक नमुना, ६ ते १५ ला दोन, १६ ते ३० ला तीन, ३१ ते ५० ला चार, आणि प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब.

ओतायला लांबच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि बेल्ट मागे घेत या. टोक एका जागी स्थिर ठेवून मोठा ढीग करू नका. दर फूट-दीड फुटाला टोक हलवा आणि नवा माल आधीच्या मालाच्या अंगावर टाका, त्याच्या पुढे लांब नाही. व्हायब्रेटरने माल ढकलू नका. सुई उभी घाला, ३०-३५ सेंमीवर, बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १० ते १५ सेकंद, आणि सावकाश बाहेर काढा. बेल्ट माल झपाट्याने देतो म्हणून व्हायब्रेटरवाला घाई करतो. तो हात वर करील तेव्हा झडप बंद, हे आधीच ठरवा.

१०. ऊन, वारा, पाऊस

बेल्टवर माल पातळ थरात उघडा असतो, त्यामुळे हवेचा परिणाम बुट्टीपेक्षा लवकर होतो. मार्च ते मे मध्ये अथणी, रायबाग, गोकाककडे सकाळी सहाला सुरू करून दहाच्या आत संपवा किंवा संध्याकाळी ओता. बेल्टच्या वर अर्धगोल पत्रा किंवा सळईच्या कमानींवर गोणपाट टाका, बेल्टला लागणार नाही असं. खडीच्या ढिगावर आदल्या रात्री पाणी मारा. ओतताना मालाचं तापमान ४० अंशांच्या आत राहायला हवं, आणि तापलेल्या खडीने ते सहज ओलांडलं जातं.

बेळगाव शहरात उन्हापेक्षा वाऱ्याचा त्रास मोठा. वारा बेल्टच्या एका बाजूने येतो तिथे आडोसा बांधा.

जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर उघड्या बेल्टवर काम करू नका. पावसाचं पाणी मालावर पडतं एवढंच नाही, खोलगट बेल्ट पन्हाळीसारखा पाणी गोळा करतो आणि ते टोकाला एका जागी सोडतो. पूर्ण लांबीला पत्र्याचं छत आणि हॉपरवर ताडपत्री असेल तरच धरा. ओल्या बेल्टखाली पुली घसरते, म्हणून हेड पुलीला रबराचं लॅगिंग (आवरण) लावलेलं हवं.

११. माणसं आणि वीज

टोळीत मराठी, कन्नड, हिंदी बोलणारे सगळे असतात आणि बेल्ट, व्हायब्रेटर, जनरेटर एकदम चालू असताना ओरडलेलं काहीच ऐकू जात नाही. शिट्टी आणि हाताच्या खुणा सकाळीच ठरवा: एक शिट्टी थांब, दोन शिट्ट्या सुरू. सुरू करण्याआधी शिट्टी देऊन दहा सेकंद थांबा, कोणी बेल्टला हात लावून उभं असेल तर बाजूला होईल.

लुंगी, पदर, ओढणी, गळ्यातला टॉवेल, मनगटातला दोरा पुलीत जातो. बेल्टजवळ काम करणाऱ्या बायकांना साडीवर शर्ट आणि पदर आत खोचून कमरेला पट्टा, एवढं तरी सक्तीने करा. चालत्या बेल्टवरून ओलांडणं, त्यावर बसून वर जाणं, स्क्रेपर चालू असताना फावड्याने खरवडणं, हे तिन्ही पहिल्याच दिवशी बंद. बेल्टखाली काम असेल तर मोटरचा मेन स्विच बंद आणि त्याची किल्ली खाली काम करणाऱ्याच्या खिशात.

ओल्या जागेत वीज असते म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि अर्थिंग लागतंच. केबल जमिनीवरून फरफटत नेऊ नका, खांबांवरून टांगा. थ्री फेजमध्ये फेज उलटे लागले की बेल्ट उलटा फिरतो. रिकाम्या चाचणीत ते बघून घ्या.

१२. मध्येच थांबला तर

वीज गेली तर पाच मिनिटांत जनरेटर चालू व्हायला हवा. तोपर्यंत हॉपरची झडप बंद. दहा मिनिटांच्या पुढे थांबणार असेल तर बेल्टवरचा माल फावड्याने उतरवून बुट्ट्यांनी स्लॅबवर न्या. पाऊण तास झाला तर तो माल टाकून द्या, पाणी घालून ओला करू नका. आणि स्लॅब कुठे तोडायचा, म्हणजे कन्स्ट्रक्शन जॉइंट कुठे घ्यायचा, हे इंजिनिअरकडून आदल्या दिवशी नकाशावर खूण करून घ्या. सामान्यतः गाळ्याच्या मधल्या भागात, जिथे शिअर (कातरणारा जोर) कमी असतो, उभी फळी लावून.

१३. धुणं

शेवटचा माल उतरला की लगेच, जेवणाच्या आधी. काँक्रीट रबरावर एकदा धरलं की ते छिन्नीने काढताना बेल्टच कापला जातो. क्रम असा: हॉपर, झडप, स्कर्ट, मग बेल्ट चालू ठेवून वरच्या टोकाकडून जोरात पाणी, स्क्रेपर खाली घेतलेला. बेल्ट थांबवून, किल्ली काढून, परतीचे रोलर आणि टेल पुलीच्या आतली बाजू हाताने. टेल पुली आणि बेल्टच्या मध्ये अडकलेली एक खडी पुढच्या कामात बेल्टला आतून भोक पाडते.

धुण्याआधी टोक स्लॅबवरून बाजूला फिरवा. धुतलेलं पाणी ताज्या स्लॅबवर गेलं की वरचा थर कायमचा कच्चा राहतो. ते पाणी गटारीत, विहिरीजवळ किंवा उसाच्या सरीतही सोडू नका, सिमेंटचं पाणी कडक अल्कलीचं असतं. एक खड्डा काढून त्यात साचू द्या, दुसऱ्या दिवशी वरचं पाणी आटल्यावर खालचा गाळ भरावाला वापरा. बेल्ट वाळल्यावर टेन्शनचे स्क्रू ढिले करा, बेअरिंगला ग्रीस भरा, आणि परत देताना भाडेकरारावर ‘धुऊन दिला’ अशी नोंद मालकाच्या सहीने घ्या.